कपाटावरचं कोहळं

चर्चमधल्या हंगामाच्या सणापासून उन्हाळा लागेपर्यंत आमच्या बाहेरच्या खोलीत, लोखंडी कपाटावर, एक कोहळं बसून होतं. चांगलं घागरीएवढं. बाकीकडे त्याला लाल भोपळा म्हणतात, आम्ही नागपूरची माणसं कोहळं म्हणतो. घरी आलेला प्रत्येक जण आधी वर बघायचा आणि मग विचारायचा, हे इथं काहून ठेवलं? मी लपवाछपवी करणाऱ्यातली नाही. मी सांगायची की हे अकरा हजारांचं कोहळं आहे, पैसे फिटायचे आहेत, फिटले की कापू. माझा नवरा अशा वेळी उठून खिडकीशी जायचा आणि रस्त्यावर काय चाललंय ते बघायला लागायचा.

समोर मी त्याला अहो म्हणते. चिडले की जरा जास्तच अहो म्हणते. इथं 'तो' लिहिते, कारण लिहिताना प्रत्येक ओळीला अहो-जाहो करत बसले तर पुन्हा भांडण उकरून काढल्यासारखं वाटेल.

सक्करदऱ्याला त्याचं छोटंसं दुकान आहे, कूलर दुरुस्तीचं आणि मोटारी वाइंडिंगचं. नागपुरात हा धंदा म्हणजे चार महिने जेवायला फुरसत नाही आणि उरलेले महिने माशा मारा. मार्च लागला की लोकांना आपला कूलर आठवतो. पंप जाम झालेला असतो, जाळीतलं गवत सडलेलं असतं, आणि प्रत्येकाला तो आजच्या आज चालू पाहिजे असतो. पाऊस आला की दुकानात शुकशुकाट. हिवाळ्यात कुही-उमरेडकडून शेतावरच्या जळलेल्या मोटारी येतात, तेवढाच आधार. मी एका खासगी दवाखान्यात बिलिंगच्या काउंटरवर बसते. पगार बेताचाच, पण दर महिन्याला येतो. काचेच्या पलीकडे दिवसभर लोक पैसे मोजत उभे असतात. कोणी गळ्यातलं मोडून आलेलं असतं, कोणी मोबाइलवरून कर्ज काढून. पैशापायी माणसाचा चेहरा कसा होतो ते मी रोज बघते, म्हणून घरात मी कडक आहे. नातेवाईक मला चेंगट म्हणतात. म्हणोत बापडे.

आमच्या घरात पैशाची एक रीत आहे, आणि ती मी काढलेली नाही. लग्नाआधी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पाळकसाहेबांनी आम्हा दोघांना समोर बसवून बऱ्याच गोष्टी सांगितल्या होत्या. रागाबद्दल सांगितलं, सासर-माहेराबद्दल सांगितलं, पण सगळ्यात जास्त वेळ ते पैशावर बोलले. मला तेव्हा नवल वाटलं होतं, कारण मी समजत होते की देवाची माणसं पैशाचा विषय टाळतात. त्यांचं म्हणणं असं की घरात पैसा आला की आधी तो टेबलावर ठेवा, दोघं मिळून प्रार्थना करा, मग वाटे करा. पहिला देवाचा, दुसरा उद्याचा, मग आजचा. उलट्या क्रमानं केलं की देवासाठी आणि उद्यासाठी चिल्लरच उरते.

तेव्हापासून आम्ही तसंच करतो. दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, आधी मंडळीच्या पाकिटात जातो. मग स्टीलच्या डब्यात, ज्याला आम्ही पोट्टीचा डबा म्हणतो, कारण मुलगी झाल्यापासून तो तिच्या शिक्षणाचाच आहे. उरेल त्यात घर. त्यातूनच दोघांना थोडाथोडा हातखर्च, आणि त्याचा हिशेब कोणी कोणाला विचारायचा नाही. हिवाळ्यात असे महिने गेले की दुकानाचा दशांश म्हणजे ऑटोच्या भाड्याएवढा व्हायचा, तरी तो पाकिटात गेला. यानं काही आकाशातून नोटा पडल्या नाहीत. पडतात असं सांगणारे लोक मला भेटलेत, आणि त्यांचं मला पटत नाही. पण इतक्या वर्षांत दारावर वसुलीला कोणी आलं नाही, आणि आम्ही दोघंही रात्री झोपतो. मला तेवढं पुरेसं आहे.

माझा हातखर्च चहा-समोशात जायचा, त्याचा खर्ऱ्यात. नागपूरच्या माणसाला खर्रा काय ते सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते, सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदावर घासून केलेली पुडी. दिवसाला तीन-चार, आणि एकेक तीस रुपयांची. मला त्या वासाचा संताप यायचा, पण हातखर्च त्याचा, म्हणून मी गप्प बसायची. म्हणजे माझ्या मानानं गप्प.

आता लिलावाचं सांगते. नवं पीक घरात आलं की आमच्या मंडळीत हंगामाचा सण होतो. ज्याच्याकडे जे असेल ते तो आणतो. कुहीकडचे लोक तांदूळ आणतात, कोणी संत्री, कोणी अंडी, कोणी जिवंत कोंबडा, बायका केक आणि लोणची. वेदीपुढे ढीग लागतो, उपासना होते, आणि मग अंगणात मांडव असतो तिथं त्या सगळ्याचा लिलाव. मंडळीतले एक वडीलधारे सभासद, ज्यांना सगळे चाचाजी म्हणतात, वस्तू हातात धरून लिलाव पुकारतात. त्यांची जीभ इतकी गोड आणि इतकी खोडसाळ आहे की दहा रुपयांची वांगी ते दोनशेला विकतात, आणि घेणाऱ्याला वाटतं की आपणच जिंकलो. पैसे मंडळीच्या कामाला जातात. खिशात नसले तर नाव लिहून घेतात आणि मग सवडीनं द्यायचे. सगळा घोटाळा या नाव लिहून घेण्यात आहे असं मी आधीपासून म्हणत आले होते.

लिलाव म्हटलं की नवऱ्याचं डोकं काहून फिरतं हे मला ठाऊक होतं. त्याचे वडील कुहीकडच्या एका गावात लोकांच्या धानाच्या बांधीत मजुरी करायचे. तिथल्या लहानशा चर्चमधल्या लिलावात ते दरवर्षी एकच वस्तू घ्यायचे, सांबाराची जुडी. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. हातातले सुटे पैसे मोजून द्यायचे आणि जुडी घेऊन मागच्या रांगेत जाऊन बसायचे. लोक हसायचे. वाईटपणानं नसेल, पण हसायचे, आणि माझा नवरा तेव्हा लहान होता. त्याला ते हसणं अजून ऐकू येतं असं त्यानं मला लग्नानंतर एकदाच सांगितलं होतं.

कोहळं आलं त्या वर्षी मुलगी नर्सिंगचं पहिलं वर्ष पास झाली होती. दुसऱ्या वर्षाची फी नाताळच्या आत भरायची होती, नाहीतर प्रवेश रद्द. डबा जवळजवळ भरला होता. दोन-तीन मोटारींचे पैसे यायचे होते, ते आले की झालं. मी निश्चिंत होते, आणि मी निश्चिंत झाले की काहीतरी होतंच.

मी मांडवामागे प्रेमभोजनाचा, म्हणजे मंडळीच्या एकत्र जेवणाचा, भात वाढत होते. मुलगी पाणी देत होती. पुढून टाळ्यांचा आवाज वाढत गेला. एक कोहळं लिलावाला आलं होतं, पन्नासपासून सुरू झालं होतं, आणि आमच्या मंडळीतला एक ठेकेदार आणि एक दुसरा कोणीतरी हट्टाला पेटले होते. चर्चच्या छपराचं काम काढलेलं होतं, त्यामुळे लिलाव करणारे चाचाजी दोघांनाही चढवत होते. मी झारा हातात घेऊन बाहेर येऊन बघते तर तो दुसरा माझाच नवरा. ठेकेदार दहा हजार म्हणाला. यानं अकरा म्हटलं. ठेकेदार हसला आणि हात जोडून खाली बसला. माझ्या नवऱ्यानं कोहळं डोक्यावर घेतलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाव लिहून घेतलं गेलं. मी वळून मुलीकडे पाहिलं. तिच्या हातातला जग तसाच वाकडा होता आणि पाणी खाली सांडत होतं.

घरी आल्यावर मी मनात साठलेलं सगळं बोलले. त्याचं म्हणणं असं की डब्यातले अकरा हजार आता देऊन टाकू, सीझन आला की भरून काढू. मी विचारलं, फी नाताळला, सीझन मार्चला, मधले महिने कॉलेज कूलरच्या हवेवर थांबणार आहे का? मग तो म्हणाला, कर्ज काढतो, फोनवर पाच मिनिटांत मिळतं. मी म्हटलं, कोहळ्यासाठी कर्ज काढणारा माणूस माझ्या काउंटरवर अजून आलेला नाही, तुम्ही पहिले व्हाल. शेवटी त्यानं ठेवणीतलं काढलं, की हे देवाचं काम आहे, देवाला दिलेल्या शब्दाला बाईनं आडवं येऊ नये. तिथं माझं पित्त खवळलं.

"देवाचं पाकीट आपण पहिलेच देऊन बसलो," मी म्हटलं. "हे कोहळं तुम्ही देवासाठी नाही घेतलं. त्या ठेकेदाराले दाखवाले घेतलं."

मग बोलली मुलगी. ती दारात उभी होती आणि अगदी साध्या आवाजात, जणू भाजी काय करायची ते सांगतेय अशा आवाजात म्हणाली, "बाबा, मी एक वर्ष थांबते. कुठं तरी आयाचं काम पाहते. पुढच्या वर्षी भरू." तिला त्याला टोचायचं नव्हतं. ती खरंच तयार होती, आणि तेच वाईट होतं. माझ्या सगळ्या आरडाओरड्यानं जे झालं नाही ते तिच्या त्या वाक्यानं झालं. तो भिंतीला टेकून खालीच बसला. मला त्याची दया आली, पण मी ती दाखवली नाही, कारण दाखवली असती तर डबा उघडला असता.

दुसऱ्या दिवशी मी त्याला पाळकसाहेबांकडे घेऊन गेले. लग्नाआधी बसवणारे तेच, आता म्हातारे झालेले. मी ठरवून गेले होते की कोहळं परत घ्या म्हणून सांगायचं आणि लाजबीज घरी ठेवायची. पण मी तोंड उघडायच्या आत नवऱ्यानं स्वतःच सगळं सांगितलं, फीचंही. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले की चूक एकट्याची नाही, टाळ्या वाजवणाऱ्यांत तेही होते, आणि छपराच्या पायी कोणी काय कुठून देतंय हे कोणी विचारलं नाही. ते नाव खोडून टाकतो म्हणाले. मला हायसं वाटलं. पण नवरा मान हलवायला लागला. सगळ्यांसमोर बोललो, तर देणार, असं त्याचं म्हणणं. मी कपाळावर हात मारला.

पाळकसाहेब त्याच्यावर रागावले नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं की मुलीच्या डब्यातलं मुलीचं आहे, घरखर्चातलं सगळ्यांचं आहे, दुसऱ्याचं उचलून देवापुढे ठेवलं तर ते दान होत नाही. "जे तुमचं एकट्याचं आहे, त्यातून द्या," ते म्हणाले. "महिने लागले तरी चालेल."

बाहेर पडल्यावर नवरा स्कूटरला किल्ली लावत मला म्हणाला, "माझं एकट्याचं काय आहे वं?" दुकान घराचं, स्कूटर घराची. सक्करदऱ्याच्या चौकात सवयीनं त्यानं पानठेल्याशी स्कूटर थांबवली. ठेलेवाला ओळखीचा, न सांगता खर्रा घासायला लागला. नवरा तिथं उभा राहिला. पुडी समोर आली, पैसे हातात होते, आणि तो तसाच उभा. मग त्यानं पैसे परत खिशात घातले आणि मागे वळला. ठेलेवाला तोंड वासून बघत राहिला.

घरी येऊन त्यानं लोणच्याची रिकामी बरणी धुतली आणि खर्ऱ्याचे पैसे त्यात टाकायला सुरुवात केली. कोहळं मी कपाटावर चढवलं, खाली पोतं अंथरून. फिटल्याशिवाय याला सुरी लागणार नाही, मी जाहीर केलं.

पुढचे आठवडे कसे गेले ते मी गोड करून सांगणार नाही. खर्रा सोडलेला माणूस घरात असणं म्हणजे काय ते ज्यांनी भोगलं त्यांनाच कळेल. बडीशेप चघळ, लवंग चघळ, गिऱ्हाइकावर ओरड, माझ्यावर ओरड. दोनदा तो घसरला, आणि दोन्ही वेळा आपणहून येऊन सांगितलं, तोंड लपवून नाही. दर रविवारी उपासना झाली की तो बरणीतले पैसे मोजून मंडळीच्या खजिनदाराला द्यायचा. लोक बघायचे. कोणी थट्टेनं विचारायचं, कोहळ्याचा हप्ता का? तो हो म्हणायचा.

फी वेळेत भरली गेली. पावती घेऊन मुलगी घरी आली तेव्हा तिनं ती बाबाच्या हातात दिली, माझ्या नाही. त्या नाताळला आम्हा दोघांना नवे कपडे नव्हते आणि केक नेहमीच्या निम्माच भाजून आणला. मला वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू? पण कोणाचं देणं डोक्यावर ठेवून रेशमी साडी नेसायची मला हौस नाही.

मग मार्च आला. दुकानापुढे कूलरची रांग लागली, आणि त्याबरोबर पैसाही. टेबलावर नोटा ठेवून प्रार्थना झाली, पाकीट भरलं, डब्याची वेळ आली. उन्हानं कपाटावरचं कोहळं तापायला लागलं होतं. मी ते खाली उतरवून पाण्याच्या माठाशी ठेवलं होतं आणि रोज बूड दाबून बघत होते. आता मीच कंटाळले होते. मी म्हटलं, उरलेलं एकदमच देऊन टाका यातून, सुटा एकदाचे. मला वाटलं, तो उडी मारेल.

"नाही वं," तो म्हणाला. "हे डब्यातलं आहे. कोहळं माझं आहे."

इतकी वर्षं घरात नाही म्हणायचं काम माझ्याच वाट्याला आलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा ते कोणी दुसऱ्यानं केलं, आणि मला एकदम रडूच आलं. मी माठातलं पाणी प्यायला गेले.

शेवटचे पैसे ईस्टरच्या आधीच्या रविवारी गेले. ईस्टरच्या सकाळी उपासनेहून आल्यावर त्यानंच कोहळं चिरलं. आतून चांगलं निघालं, केशरी, एवढीसुद्धा सड नाही. मी किसून बोंडं, म्हणजे गुळाची गोड भजी, करायला घेतली. चव बघितली तर फिकी. अकरा हजारांचं कोहळं, आणि दुप्पट गूळ घालावा लागला. मुलगी हसून हसून लोळली, आणि मग तोही हसला.

पुढच्या हंगामाच्या सणाआधी पाळकसाहेबांनी सांगून टाकलं की आता नाव लिहून घेणं बंद, जे खिशात असेल त्याचीच बोली लावा. काही लोक कुरकुरले, छपराचं काम रेंगाळेल म्हणाले. रेंगाळलंही थोडं. लिलावात चाचाजींनी एक कोहळं वर धरलं, आणि सगळा मांडव माझ्या नवऱ्याकडे बघून हसायला लागला. मी भाताच्या पातेल्याशी होते. तो उठून उभा राहिला.

"माझ्या खिशात तीनशे आहेत," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "त्याच्यावर मी नाही."

ठेकेदारानं पाचशे म्हटलं आणि कोहळं त्याचं झालं. नवऱ्यानं टाळ्या वाजवल्या आणि खाली बसला. मी परत वाढायला लागले. रांग मोठी होती, त्यात पुढचं काही मला दिसलं नाही. थोड्या वेळानं कोणीतरी बाजूला येऊन उभं राहिलं. तोच होता. त्याच्या हातात सांबाराची जुडी होती. ती त्यानं माझ्या हातात दिली, ओली, मुळांना माती लागलेली.

"नगद दिले," तो म्हणाला.